बैलांच्या तपासणीची दवंडी

“पोळ्याच्या आत माझ्या राज्यातल्या एकूण एक शेतकऱ्याची नाडी तपासून झाली पाहिजे! एक जरी राहिला, तर शास्त्रीबुवा, तुम्ही राज्याबाहेर!”

राजा भूपाळरावानं आपल्या म्हाताऱ्या राजवैद्यांना, शास्त्रीबुवांना, असा हुकूमच सोडला. झालं होतं असं, की दरवर्षी राजाला मायेनं हुरडा खाऊ घालणारा रायभान नावाचा शेतकरी नांगर हाकता हाकता छाती दाबून खाली बसला, तो पुन्हा उठलाच नाही. राजा ढसाढसा रडला, आणि रडून झाल्यावर हट्टाला पेटला. त्यात अट अशी, की कोणावर जबरदस्ती करायची नाही!

शास्त्रीबुवा गावोगाव फिरले. पण वैद्य दिसला रे दिसला, की शेतकरी ज्वारीत पसार! एखादा सापडलाच आणि विचारलं, “छातीत कळ येते का?” तर म्हणायचा, “ते व्हय? काल भरीत जरा जास्त झालं!” आठ दिवसांत नाड्या तपासून झाल्या फक्त चार. बुवांनी पोथ्या बांधायला घेतल्या.

त्यांच्याकडे औषधं कुटायला हौसा नावाची एक शेतकऱ्याची पोर होती. खलबत्ता बाजूला ठेवून ती म्हणाली, “बुवा, माणसं ऱ्हाऊ द्या. बैल तपासायला बोलवा!”

“अगं, मी माणसांचा वैद्य!”

“म्हणूनच म्हन्ते!”

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. “ऐका हो ऐका! पोळा जवळ आलाय! ज्याला जोडी मिरवायची असंल, त्यानं बैल तपासून घ्यावा!”

झालं! स्वतःच्या दुखण्यासाठी ज्यांना घटकाभर सवड नव्हती, ते बैल धुऊनपुसून तांबडं फुटायच्या आत रांगेत हजर! हौसा आधी बैल नीट तपासायची आणि मग हळूच विचारायची, “काका, चढाला जोडी मधेच थांबते का?”

“थांबते की दोन-तीनदा.”

“बैल थांबतो, का धनी थांबवतो?”

काका पागोटं चाचपत पुटपुटायचे, “मलाच दम लागतो, पोरी.”

“मग तुमची नाडी बघितल्याबिगर बैलाचा निकाल न्हाई सांगायचा!”

बैलासाठी म्हणून काका निमूट हात पुढे करायचे. मीठ कमी करा, तंबाखू सोडा, दम लागला की काम थांबवून इकडे या, असं बुवा बजावायचे. कोणाला औषधाची पुडी मिळायची, कोणाला चार खडे बोल.

पोळ्याच्या दिवशी वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंतचा चढ चढून राजा स्वतः मानाची जोडी घेऊन आला. दिवाणजींनी यादी वाचली.

“बाराशे शेतकरी. तपासून झाले अकराशे नव्याण्णव!”

“एक राहिला!” राजा कडाडला. “बुवा, बोचकं बांधा!”

शास्त्रीबुवा पोथ्या बांधायला घराकडे वळले. हौसा मात्र पुढे झाली. “महाराज, राहिलेलं नाव कोणाचं ते तर इचारा!”

दिवाणजींनी यादीच्या माथ्यावर बोट ठेवलं. “पेरणीआधी पहिला नांगर महाराज स्वतः धरतात. म्हणून यादीत पहिलं नाव... महाराजांचंच आहे.”

“माझी नाडी कशाला?” राजा गरजला. “मी धडधाकट आहे!”

“मग आत्ता चढावर तीनदा का थांबलात, महाराज?”

“मी कुठं थांबलो? बैलांना दम लागला!”

हौसानं बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि कोरडा तळवा राजासमोर धरला. “दम लागला बैलांना, आन् घाम फुटला तुम्हांला? लई इमानी बैल हायेत, आपला घामबी धन्यालाच देत्यात!”

राजानं कपाळाला हात लावला. हात ओलाचिंब! आणि मग तो असा खदाखदा हसला, की त्याला चौथ्यांदा दम लागला आणि पारावर टेकावंच लागलं. हसत हसतच त्यानं मनगट शास्त्रीबुवांपुढे धरलं.

“घ्या बुवा, बाराशेवी नाडी! आणि पोरी, ही मानाची जोडी तुझी. सोबत एक गाडी देतो. बुवांना बसव आणि वर्षभर गावोगाव फिर!”