पहिलं दूध परघरचं

पांगरखेड्याच्या वेशीबाहेर, चिंचेच्या बुंध्याला लागून, एक बसका दगडी ओटा आहे. त्याच्यावर मूर्ती नाही, शेंदूर नाही, चादर नाही की हिरवं-भगवं फडकंही नाही. दगड मात्र मधोमध पांढुरका पडला आहे. गावात याला दूधओटा म्हणतात. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडली, की ती हिंदूची असो नाहीतर मुसलमानाची, आधी इथे येते, आपल्या दुधाची धार या दगडावर सोडते आणि मग देवळाकडे किंवा दर्ग्याकडे वळते.

याहून मोठा रिवाज घरात पाळला जातो. पांगरखेड्यात जन्मलेल्या बाळाला पहिलं दूध आईचं मिळत नाही. हिंदूच्या घरी मूल झालं तर मोहल्ल्यातली एखादी लेकुरवाळी येऊन पाजते, मुसलमानाच्या घरी झालं तर पाटीलआळीतली किंवा माळवाड्यातली. आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात, तर पाजणारी बाई जीपमध्ये बसून सोबत जाते. नर्स कुरकुर करतात, पण त्यांनाही आता सवय झाली आहे.

पाहुणे आले की दगडूभाई मुजावर त्यांना ओट्याच्या कडेला बसवतात. वर कुणी बसायचं नाही. ते ऐंशीच्या घरातले, गावाचा सगळा इतिहास तोंडपाठ असलेले गृहस्थ. त्यांनी तो त्यांच्या आजीकडून ऐकला, आणि त्या आजीला पहिलं दूध एका माळ्याच्या बाईनं पाजलं होतं. ते सांगतात ते असं.

फार मागे, इथे कुणाचा अंमल होता हेही आता नीट कुणी सांगत नाही, तेव्हा गावात येसाई नावाची सुईण होती. मांगवाड्यात राहायची. एरवी तिची सावली पाटलाच्या अंगणात पडलेली चालत नसे आणि काजीच्या घरचं पाणीही तिला वरूनच ओतलं जात असे. पण कळा सुरू झाल्या की दोन्ही घरांतून तिलाच बोलावणं यायचं. आडवं आलेलं मूल ती बोटांनी पोटातच फिरवून सरळ करायची. तिच्या हाताला देवानं डोळे दिलेत, असं बायका म्हणत. निम्म्याहून अधिक गाव त्या हातांतून खाली उतरलं होतं.

गावचा पाटील धारराव आणि काजी मुइनुद्दीन यांचं चांगलं होतं. दोघांचे थोरले मुलगे एकाच सरदाराच्या पदरी होते आणि एकाच लढाईत, एकाच निशाणाखाली पडले. दोघांच्याही बायका तेव्हा गरोदर होत्या. पाटलाची सून तुळजा, काजीची जोहरा. दोन्ही घरांचा वंश आता त्या दोन पोटांत होता.

त्या श्रावणात नदी गावात शिरली. बायकापोरांना माळावरच्या धर्मशाळेत नेऊन ठेवलं. भर दुपारी आभाळ इतकं काळं झालं होतं की हाताला हात दिसत नव्हता, आणि तशात तुळजा आणि जोहरा दोघींनाही एकदमच कळा लागल्या. मागच्या खोलीत त्यांना निजवलं. विटाळाच्या भीतीनं बाकीच्या बायका ओसरीवरच थांबल्या. आत येसाई एकटी. तिनं म्हणे एकीचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि दुसरीचा खांद्यावर, आणि दोघींना एकाच सुरात जोर करायला लावलं. दोघींनाही मुलगे झाले. नाळा तिनं एकाच विळ्यानं कापल्या. लुगड्याच्या धडप्यात दोघांना गुंडाळून एकाच सुपात शेजारी शेजारी ठेवलं. पाटलाचा उजवीकडे, काजीचा डावीकडे.

होता तेवढ्या उजेडात नीट पाहावं म्हणून ती सूप घेऊन दाराशी आली, आणि पाठीमागची भिंत बसली. छप्पर दोन्ही बाळंतिणींवर आलं. दोघी जागीच गेल्या. येसाई उंबऱ्यावर तोंडघशी पडली, सूप हातातून सुटलं, मुलं चिखलात सांडली. तिनं चाचपडत त्यांना उचललं, पुन्हा सुपात घातलं आणि पावसात ओसरीकडे धावली. ओसरीवर पोचली तेव्हा एक रडत होतं, एक गार झालं होतं. कोण कुठे होतं, हे आता तिलाही सांगता येत नव्हतं.

मेलेल्या पोरावर कुणीच हक्क सांगितला नाही. पाटील म्हणाला ते काजीचं, काजी म्हणाला ते पाटलाचं. शेवटी येसाईच्या दिरानं त्याला वेशीबाहेर चिंचेखाली पुरलं. जिवंत पोरावर मात्र दोघांनीही हक्क सांगितला.

दुसऱ्या सकाळी पाणी ओसरलं तसं येसाईला चावडीसमोर उभं केलं. ती म्हणाली, "माझ्या हातानं दोन्ही आली, पाटील. पण मधी माती आली. मला ठावं न्हाई." हे तिनं म्हणे पुनःपुन्हा सांगितलं. कुणा एकाचं नाव घेऊन सुटता आलं असतं. तसं तिच्या मनातही आलं. पण खोटं बोलून एका घराला पोर द्यायचं, तर दुसऱ्या घराच्या पोराला आपणच दुसऱ्यांदा मारायचं, असं तिला वाटलं. तिनं कुणाचंच नाव घेतलं नाही.

मग तिथेच गोत, म्हणजे गावची न्यायसभा, बसलं. एका बाजूला पाटील आणि गावचे मानकरी, दुसऱ्या बाजूला काजी आणि मोहल्ल्यातले जाणते. दगडूभाई इथे नेहमी सांगतात, की त्या बैठकीत कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. दोघांनी एकमेकांना पानसुपारी दिली. पाटील म्हणाला, माणसाला कळत नसेल तर देवाला कळतं. काजी म्हणाला, अल्लाह तर जाणतोच. तेव्हा दिव्य करायचं ठरलं, आणि ते दोघांनाही मान्य झालं.

कढईत तेल आणि तूप उकळत ठेवलं. तळाशी लोखंडाचा तुकडा टाकला. येसाईनं उजवा हात घालून तो काढायचा, पाटलाच्या नावानं. मग पुन्हा टाकायचा, आणि डाव्या हातानं काढायचा, काजीच्या नावानं. ज्या हाताला कमी भाजेल, त्याचं मूल. हात कुणाचे भाजणार याचा विचार कुणी केला असेल, असं दिसत नाही. तिला ना देवळाची पायरी होती ना मशिदीची. दोन्ही देवांची भाषा मात्र तिच्याच कातड्यावर उमटायची होती.

तिनं दोन्ही वेळा तुकडा काढला. पहिल्या वेळी ओरडली, दुसऱ्या वेळी नाही. मग रिवाजाप्रमाणे दोन्ही हातांवर कापडाच्या पिशव्या बांधल्या, उजवीवर काजीनं मोहोर केली, डावीवर पाटलानं, कुणाला लबाडी करता येऊ नये म्हणून. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमक्ष पिशव्या सोडायच्या. तोवर मूल चावडीवर राहील, दोन्हीकडचे पहारेकरी बसतील.

आता मुलाला पाजायचं कुणी, हा प्रश्न निघाला. काजी म्हणाला, आमच्यात दुधाचं नातं रक्ताइतकंच. ज्या घरचं दूध प्यालं त्या घराचं झालं, मग न्याय कशाला हवा? पाटील म्हणाला, तुमच्याकडचं दूध प्यालं तर आमच्या जातीत त्याला कोण घेईल? मांगवाड्यातली एक बाई पुढे झाली, तर दोघांनीही तिला हातानंच मागे सारलं. यावरही भांडण झालं नाही. दोघांचं लगेच एकमत झालं, की निकाल लागेपर्यंत कुणाचंच दूध द्यायचं नाही. कापसाच्या बोळ्यानं साखरपाणी द्यावं, एकदा देवळाच्या गुरवानं, एकदा मशिदीच्या मुल्लानं.

पहिला दिवस मूल जोरात रडलं. गावातल्या ज्या ज्या बाईच्या अंगावर पीत पोर होतं, तिची चोळी भिजली. घरोघर बायकांनी दारं लावून घेतली, आपली पोरं छातीशी धरली आणि कानांवर पदर ओढला. काही जणी चावडीपर्यंत गेल्या. त्यांना माघारी पाठवलं. कोष्ट्याची एक तरणी सून म्हणे पहारेकऱ्याच्या पायांवर पडली. तो तिला हळूच म्हणाला, "माय, माझ्या हातात न्हाई. माझं पोरगंबी घरी पीतंय."

येसाई चावडीच्या पायरीशी पडून होती. तिला तापानं घेरलं होतं, पण रडणं तिला ऐकू येत होतं. कुठल्याही पोराच्या रडण्यावरून त्याला काय हवं ते तिला कळायचं. भूक, वारा, ओलं, कान दुखणं, सगळी रडणी वेगळी. हे भुकेचं होतं. मग ते बारीक झालं. मग मांजराच्या पिलासारखं झालं. तिनं पिशव्या बांधलेले हात पुढे केले आणि सरपटत बाळाकडे गेली. तिला त्याला उचलता येईना. तिनं गाल त्याच्या पोटाला लावला आणि तशीच राहिली. पहारेकऱ्यांनी तिला बाजूला ओढलं नाही, पण मोहोर तुटू नये म्हणून तिचे हात धरून ठेवले.

तिसऱ्या दिवशी सगळं गाव जमलं. काजीनं आपली मोहोर तपासली, पाटलानं आपली. दोन्ही शाबूत होत्या. आधी उजवी पिशवी सोडली, मग डावी. जाणत्यांनी जवळ येऊन पाहिलं. दोन्ही हात सारखेच जळले होते. बोटं बोटांना चिकटली होती. कमी-जास्त करायला काही उरलं नव्हतं.

आता पुढे काय, यावर त्यांचं बोलणं चाललं. बऱ्याच वेळानं कुणीतरी मुलाकडे पाहिलं. ते कधी गेलं होतं, हे दोन्ही पहारेकऱ्यांपैकी कुणालाच सांगता आलं नाही.

दूधपित्या लेकराला हिंदूंतही माती देतात, मुसलमानांतही. त्यामुळे तेवढा एक वाद वाचला. पण पुरायचं कुणाच्या जमिनीत, यावर पाटील आणि काजी दोघेही मागे सरले. येसाईच्या दिरानंच त्यालाही चिंचेखाली नेलं, आधीच्याशेजारी. वर हा ओटा बांधला. त्याच्या आत कोण कुठे आहे, हेही कुणाला माहीत नाही.

यानंतर वर्ष लोटलं. पाटलाची लेक गिरजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मूल आडवं आलं. येसाईसारखे हात पंचक्रोशीत दुसरे नव्हते, आणि ते हात आता कामाचे नव्हते. दोन दिवस गिरजा ओरडत राहिली, तेव्हा धारराव पाटील स्वतः मांगवाड्यात गेला. येसाई झोपडीबाहेर बसली होती. तो म्हणाला, "येसे, हात नसले तरी तुझी जीभ हाय. तू सांग, बाया करतील."

ती उठून आली. बाळंतिणीच्या खोलीबाहेर उंबऱ्यावर बसली. बायका तिच्या तोंडाकडे पाहू लागल्या. ती काहीच बोलेना. मग पाटलाकडे वळून ती म्हणाली, "पोर झालं की पयलं दूध काजीच्या घरचं. मोहल्ल्यात झालं तर पयलं दूध तुमच्या घरचं. या गावात आता असंच. चारचौघांत व्हय म्हणा, मंग सांगते."

पाटलानं व्हय म्हटलं नाही. त्याला वाटलं, ही तशीच बोलेल. आजवर येसाईनं कुठल्या बाळंतिणीला थांबवलं नव्हतं. आतून गिरजा ओरडली. बायकांनी येसाईच्या पायांवर डोकी ठेवली. ती आपले हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे पाहत बसली. उन्हं अंगणाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली. गिरजाचा आवाज बारीक होऊ लागला, तेव्हा पाटलानं माणूस काजीकडे धाडला. काजीनंही वेळ घेतला. अखेर तो आपल्या धाकट्या सुनेला, अमीनाला, घेऊन आला. दोघे अंगणात समोरासमोर उभे राहिले आणि चारचौघांत बोलले, "व्हय."

मग येसाई बोलली. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, बोट कुठल्या बाजूनं घालायचं, शब्द न् शब्द. तिच्या शब्दांवर बायकांचे हात चालले. मुलगी झाली आणि ती जगली. गिरजा गेली. तिच्यात रक्तच उरलं नव्हतं.

येसाईला हात असते तर गिरजा वाचली असती, असं गावात म्हणतात. ती आधी बोलली असती तरीही वाचली असती, असंही म्हणतात, पण हळू आवाजात.  त्या दिवशी येसाई उठली, अमीनानं पाटलाच्या नातीला छातीशी लावलेलं तिनं पाहिलं, आणि मांगवाड्याकडे निघून गेली. धारराव पाटील तिच्यामागे वेशीपर्यंत चालत गेला म्हणे, पण तिनं वळून पाहिलं नाही.

दगडूभाई इथे थांबतात, आणि पाहुण्यांना वाटतं गोष्ट संपली. कुणी तरी म्हणतं, किती सुंदर रिवाज आहे, दोन धर्म एका दुधात आले. दगडूभाई मान डोलावत नाहीत आणि नाकारतही नाहीत. ते एवढंच सांगतात, की तुम्ही अजून तो रिवाज डोळ्यांनी पाहिलेला नाही.

आजही पांगरखेड्यात परघरची बाई पाजायला आली, की ती आधी दारात उभी राहते आणि बाळाच्या आजोबांना समोर बोलावते. त्यांनी चारचौघांत व्हय म्हणायचं असतं. ते म्हणेपर्यंत ती पदर सरकवत नाही. काही आजोबा लगेच म्हणतात. काहींना वेळ लागतो, कारण कुणी ना कुणी कानाशी काही सांगत असतंच. तेवढा वेळ बाळ आत भुकेनं रडत राहतं, आणि त्याच्या आईनंसुद्धा त्याला उचलायचं नाही.