तुळाजीची लेव्हल

एका गावात एक भोळा गवंडी होता. नाव तुळाजी. हाताला कसब होतं, डोक्यात काही नव्हतं.

त्याच्या बायकोला, हौसाला, दिवस गेले. आधी दोनदा दुसऱ्याच महिन्यात गर्भ पडला होता. हौसा धास्तावली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भ नीट वाढतोय का ते लेव्हलवरून कळेल. लेव्हल बघून या."

तुळाजीने घरी हौसाला आडवं झोपवलं. पोटावर आपली गवंडीकामाची लेव्हल ठेवली. परत जाऊन सांगितलं, "बाई, बुडबुडा मधोमध आहे."

"अरे शहाण्या, रक्तातली लेव्हल!"

रक्तातलं गर्भाचं हार्मोन तपासलं. आकडा आला दीडशे.

बाई म्हणाल्या, "एकदा बघून काही कळत नसतं. दोन दिवसांनी परत बघायचं."

तुळाजीने हे पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी तो पाटलांच्या गोठ्यावर कामाला गेला. पाटील म्हणाले, "तुळाजी, भिंत कललीय रे."

"एकदा बघून काही कळत नसतं. दोन दिवसांनी परत बघू."

संध्याकाळी भिंत आडवी झाली. म्हैस थोडक्यात वाचली.

पाटील ओरडले, "गाढवा! असलं काही दिसलं की तिथल्या तिथे गावभर बोंबलायचं!"

तुळाजीने हेही पाठ केलं.

मग हौसाची दुसरी तपासणी झाली. आकडा तीनशेदहा.

"दुप्पट झाला!" बाई म्हणाल्या. "पोर वाढतंय. पेढे काढ."

हौसा रडली. तिची आई लेकीच्या काळजीने येऊन राहिली होती. म्हातारीला साखरेचा आजार. दोन दिवसांमागेच तिची साखर दीडशे निघाली होती. तरी आनंदात तिने सहा पेढे खाल्ले. दुसऱ्या दिवशी गरगरायला लागलं. तुळाजीने तिची साखर तपासून आणली.

तीनशे.

तुळाजी घरी थांबलाच नाही. थेट पारावर गेला आणि बोंबलला, "ऐका हो! माझ्या सासूला दिवस गेले! आकडा दुप्पट आलाय!"

पारावर बसलेले भिवातात्या म्हणाले, "अरे मुडद्या, तुझा सासरा जाऊन बारा वर्षं झाली."

"म्हणून तर," तुळाजी म्हणाला. "म्हातारीला आता आहे कोण? तिचं डोहाळजेवण मीच करणार. लेकीच्याच मांडवात."