पठारावरचा दिवा

"मग ते काय हुतं, बाबा?" धुळा धनगरानं विचारलं.

सोमगीर बाबा मठीतली चूल फुंकत होते. उत्तर दिलं ते त्यांच्या शिष्यानं. हेरंब कॉलेजातली मास्तरकी सोडून सहा महिन्यांपूर्वी इथं आला होता, पण शिकवायची खोड काही गेली नव्हती.

"शुक्र असणार," तो म्हणाला. "लोक हमखास शुक्रालाच फसतात."

चार दिवसांपूर्वी दिवस बुडताना धुळाला पठारावर एक दिवा दिसला होता. अधांतरी, हलता... मग गपकन विझला. तेव्हापासून त्यानं मेंढरं वर नेली नव्हती, आणि गवत तर वरच होतं. मेंढ्यांचं दूध आटलं, दोन कोकरं गेली. गाव म्हणालं, धुळ्याला चढली असेल.

"कुत्री भुंकली?" बाबांनी विचारलं.

"न्हाई."

"मेंढरं बुजली?"

"ती चरत हुती. बुजलो म्या एकटाच."

"कुठल्या अंगाला होता?"

"उगवतीला."

"मोठा केवढा?"

धुळानं हात पसरले, मग खाली घेतले. "किती लांब हुता त्येच ठावं न्हाई... मोठा केवढा कसा सांगू?"

बाबांच्या तोंडावर हसू आलं. "बरं पाहिलंस, धुळा. काय होतं, ते मला नाही ठाऊक."

हेरंबला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरूनं का असं म्हणावं, तेही एका धनगरापुढं?

बाबांनी घोंगडी खांद्यावर टाकली. "चला. आज मेंढरं तिघं मिळून नेऊ."

हेरंब ऐटीत पुढं चालला. पठारावर पोचेतो सूर्य बुडाला. मावळतीला पातळ ढग सरकत होते. एकाएकी त्यांच्यातून एक दिवा बाहेर आला. लखलखीत, थरथरता... आणि तो चालत होता.

हेरंब झटकन मागं बाबांजवळ आला.

"बाबा... तो बघा. इकडंच येतोय."

त्यानं बाबांचं मनगट गच्च धरलं होतं.

धुळानं मान वर केली. "त्यो शुक्र हाय, मास्तर. चालत्यात ते ढग."

मग मात्र त्याला हसू आवरेना. चार दिवसांत तो पहिल्यांदा हसला असेल. मेंढरं आपली खाली मुंडी घालून गवत ओरबाडत होती.

"तू पाहिलेला हाच का?" बाबांनी त्याला विचारलं.

"न्हाई. त्यो येगळा."

"मग उद्या येशील वर?"

"यीन की. त्यो काय हुता ते नाय कळलं... पर त्येच्यापायी कोकरं कशाला मारू?"

तो हाकारत पुढं गेला. हेरंबनं हळूच मनगट सोडलं. कान तापले होते.

"शुक्रच होता," तो पुटपुटला.

"हो, आत्ता शुक्र," बाबा म्हणाले. "मघाशी काय होतं?"