मावलीची पळती अक्षरे

या, जेट्टीच्या कडेला उभे राहा, म्हणजे नीट दिसेल. आमच्या दांडेवेळ बंदरातल्या प्रत्येक होडीच्या उजव्या कुशीवर तिचे नाव आहे. अक्षर जाडजूड, पुढे नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे झुकलेले, आणि प्रत्येक काना जिथे संपतो तिथे त्याला छोटासा पाय. मालकाचे नाव, नंबर वगैरे मात्र सरळ आणि बारीक. मागे एका हौशी पेंटरने सगळेच तिरके रंगवले, तर बायकांनी त्याला ते पुसायला लावले. सगळेच पळायला लागले तर ओळखायचे कोणाला?

याची सुरुवात धर्मीने केली असे सांगतात. धर्मी ही जैतू कोळ्याची बायको. जैतूची नवी होडी किनाऱ्याच्या चढावर ओढून ठेवली होती, नाळ वर आणि मागची बाजू खाली. धर्मीने काथ्याचा जाड कुंचला चुन्यात बुडवला आणि फळीच्या रेषेवर ‘मावली’ असे देवीचे नाव लिहिले. फळी तिरपी होती, पण काने तिने जमिनीवर उभ्या माणसासारखे ताठ काढले. चुना ओघळू लागला तेव्हा प्रत्येक टोक दोन्ही बाजूंना दाबून पसरले. मग भरती आली, होडी पाण्यावर समतल झाली, आणि सगळी अक्षरे पुढे कलली! गाव पोट धरून हसले. “धर्मे, तुजी अक्षरां पलतान गो!” असे पोशा पाटील सगळ्यांत जास्त चिडवायचा म्हणे. बिचारी रडकुंडीला आली. पण पुसायला वेळ नव्हता. जैतू तशीच होडी घेऊन निघाला. सोबत पाटलाचा धाकटा भाऊ हिरू होता.

ते दिवस चाच्यांचे. खाडीच्या तोंडाशी तो खडक दिसतो ना, तो चुकवता यावा म्हणून टेकडीवर जाळ पेटलेला असे. परकी होडी दिसली की तो विझवायचा, असा गावाचा कायदा. एका तिन्हीसांजेला, वादळ ओसरत असताना, काळ्या शिडाची होडी खाडीकडे येताना दिसली. आमच्या गावात काळे शीड कोणाचेच नव्हते. पाटलाने पाण्याचे हंडे आणायला सांगितले. वादळात जैतूचे शीड फाटले होते आणि दुसऱ्या बंदरातून मागून आणलेले त्याने चढवले होते, हे इथे कोणाला ठाऊक?

हंडे जाळापर्यंत पोचले. तेवढ्यात होडी वळली आणि तिची उजवी कूस समोर आली. पाटलाला अक्षरओळख नव्हती, तो शिकलेलाच नव्हता. पण तो ओरडला, “इजवू नका रं! ती बगा, पलतान! आपलीच मावली हाय!”

मग माणसांनी मिळेल ते लाकूड जाळात घातले. होडी खडक चुकवून आत आली. पाटील कमरेएवढ्या पाण्यात उतरला. भावाला भेटण्याआधी त्याने त्या अक्षरांच्या पायांवर डोके टेकले आणि धर्मीपुढे हात जोडले, असे सांगतात. नावाचा चुना यापुढे आमच्या घरचा, असा शब्द त्याने तिथेच दिला.

आजही नारळी पुनवेआधी नावे नव्याने काढतात, आणि पहिला चुना पाटलांच्या घरून येतो. यंदा तो मी कालवला. हिरूचे तेव्हा लग्नही झाले नव्हते. मी त्याच हिरूच्या वंशातला.