उघडं झाकण

एकदा समुद्राच्या तळाशी एका तेलविहिरीचा पाइप तुटला आणि काळं तेल उसळून वर येऊ लागलं. तवंग सरकत सरकत खाडीजवळ आला, तसं तिथल्या मच्छीमारांच्या तोंडचं पाणी पळालं.

मोठमोठे तज्ज्ञ जमले. सिमेंटचं झाकण ठेवून झालं, चिखल ओतून झाला. तेलाच्या दाबाने सगळं उडवून लावलं. त्यानंतर सभेत जो तो गप्प. आता जो बोलेल आणि फसेल, त्याच्याच माथी अपयश येणार ना!

त्या सभेत एक वृद्ध अभियंता होते. उभा जन्म त्यांनी समुद्रातल्या विहिरींवर काढलेला. शेजारी त्यांची शिष्या बसे. तिच्या मनात एक कल्पना घोळत होती, पण ती इतकी उफराटी की बोलून दाखवायचं तिला धाडस होत नव्हतं.

एके सकाळी हे गृहस्थ कँटीनमधून कणकेचा भला मोठा गोळा घेऊन आले. सभेपुढे ठेवलेल्या प्रयोगाच्या हौदात विहिरीची नक्कल म्हणून पाण्याची जोरदार धार उसळत होती. त्यांनी गंभीर चेहऱ्याने गोळा तिच्यावर दाबला. कणीक फुटली आणि पहिला शिंतोडा थेट अध्यक्षांच्या चष्म्यावर. सभा खो खो हसली. "हे फसलं," वृद्ध शांतपणे म्हणाले, "आता दुसरं कुणी सांगा." शिष्येला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चहाच्या वेळी तिने त्यांना गाठलं. "सर, कणीक टिकणार नाही हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"होतं की."

"मग स्वतःचं असं हसं का करून घेतलंत?"

"अगं, इथे प्रत्येक जण विहिरीआधी स्वतःची अब्रू सांभाळतोय. एवढ्या हुशार माणसांना वेडगळ कल्पना सुचत नसतील थोड्याच? सुचतात, पण ते गिळून टाकतात. आता माझ्यापेक्षा जास्त हसं कुणाचं होणार नाही, एवढं तरी त्यांना कळलं. मी म्हातारा माणूस, मला हसले तर काय बिघडलं? खाडी वाचली पाहिजे. आणि तूही काहीतरी गिळून बसली आहेस, ते मला दिसत नाही होय?"

शिष्येचे डोळे भरून आले. मघाशी आपल्याला या माणसाची लाज वाटली, याचंच तिला वाईट वाटलं.

सभा पुन्हा भरली तेव्हा ती उठली. "झाकण बंद नको, उघडंच बसवू या." पुन्हा हशा पिकला. तिने तो ओसरू दिला.

"हसून झालं असेल तर पुढचं सांगते. झाकणाला झडपा ठेवायच्या, सगळ्या उघड्या. तेल त्यांतून वाहून जाईल, म्हणजे झाकण उडणार नाही. ते घट्ट बसलं, की मग एकेक झडप हळूहळू बंद करायची."

अध्यक्षांनी खुर्ची पुढे ओढली.

झाकण तसंच बसवलं गेलं. शेवटची झडप फिरली आणि समुद्रतळ दाखवणाऱ्या पडद्यावरचं काळं पाणी हळूहळू निवळू लागलं. सगळे शिष्येसाठी टाळ्या वाजवत होते. मागच्या रांगेत तिचे गुरूही. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. दुसऱ्याला बोलता यावं म्हणून आपलं हसं होऊ देण्याइतकं मोठं आपल्याला कधी होता येईल, एवढाच विचार तिच्या मनात होता.