छताला पाट

मुंगीला मिशा होत्या तेव्हाची ही गोष्ट. रानात कुंभारीण माशी सगळ्यांना मातीची घरं बांधून द्यायची. काम असं, की पावसाचा थेंब आत शिरायचा नाही. पण कुणाला काही विचारणं म्हणून नाही. म्हणायची, "मला का कळत नाही?"

एकदा पोटुशी वटवाघळीण आली. "बाई गं, बाळंतपणाआधी घर दे."

कुंभारणीने जमीन सारवली, पाट मांडले, छत आरशासारखं घोटलं. वटवाघळीण आत शिरली, छताला लटकायला गेली, ती घसरून धप्पकन पाटावर आपटली.

"पोटातलं वाचलं म्हणून बरं!" ती रडत म्हणाली. "अगं, मी जमीन घेऊन काय करू? छताला खाचा कुठायत?"

कुंभारीण वरमली. जन्मात पहिल्यांदा तिने विचारलं, "मग पाट कुठे मांडू?"

"छताला."

"दार?"

"खाली, जमिनीत."

"आणि पाहुणे आले तर?"

"लटकतील की!"

बारशाला सगळं रान आलं. ससा, मुंगूस, कासव, सगळे पाय वर करून लटकले. उलट्या सशाने विचारलं, "काय गं कुंभारणी, घर छान झालंय ना?"

उलटी लटकलेली कुंभारीण म्हणाली, "मला काय विचारतोस? तिला विचार."