मजुरी मागायला गेलेला जाळव्या

नदीकाठच्या एका गावात सिदू नावाचा एक जाळव्या होता. गुऱ्हाळात रस उकळायच्या मोठ्या काहिलीखाली चिपाडं सारत राहायचं, जाळ कमी-जास्त करायचा, हे जाळव्याचं काम. सिदू कामाला वाघ, पण मालकासमोर शेळी. मालक रंगराव यांचा आवाजच असा दणदणीत, की ते "ये, बस" म्हणाले तरी सिदूला वाटे, आता आपली धडगत नाही.

ऐन हंगामात गुळव्या आजारी पडून घरी गेला. पाक कधी उतरवायचा हे ओळखणारा तो गुळव्या. त्याला मजुरीशिवाय आठवड्याला गुळाची एक ढेप द्यायचा रिवाज होता. रंगराव सिदूला म्हणाले, "आता काहिलीवरही तूच बघ." सिदूने मान डोलावली. ढेपेचं नाव मालकांनी काढलं नाही, आणि याचीही जीभ रेटली नाही.

घरी बायको गौरा म्हणाली, "अवं, काम दोघांचं आणि मजुरी एकाची? उद्या सरळ विचारा. लेक बाळंतपणाला यायची आहे, घरात गूळ नको?"

दुसऱ्या दिवशी सिदू रस्ताभर एकच वाक्य घोकत गेला. 'मालक, काम वाढलं, गुळव्याची ढेप मला द्या.' एवढंच तर होतं! पण रंगरावांनी भुवई वर करून "काय रे?" म्हटलं आणि सिदूच्या मनात भलतंच आलं. हाकलून दिलं तर? हंगामाच्या मध्यावर दुसरीकडे कोण ठेवून घेणार? त्याच्या तोंडून निघालं, "काही नाही मालक. चरकात ऊसही मीच घालीन म्हणतो."

"घाल की," मालक म्हणाले.

आठवड्याने तो पुन्हा गेला. या वेळी देवाला नारळ बोलून गेला. "काय रे?" झालं! तोंडून निघालं, "गाडीत ढेपा भरायलाही मी थांबतो, मालक."

"थांब."

असा हा शहाणा मजुरी मागायला जाई आणि काम घेऊन परत येई. चार वेळा गेला, चारही वेळा तेच.

लेक माहेरी आली. दिवसभर गूळ करणाऱ्या सिदूच्या घरी तिच्या लाडवांचा गूळ बाजारातून आणावा लागला. गौराने ती पुडी मुद्दाम त्याच्यासमोर सोडली. सिदूला आता घरी जायचीही भीती वाटू लागली.

तो खाली जाळ घाली, धावत वर येऊन रसावरची मळी काढी, तिथून चरकाकडे पळे. अंगात त्राण उरलं नाही. एका दुपारी काहिलीच्या काठावर पाक ढवळता ढवळता त्याचा डोळा लागला आणि तोल गेला. चरकाचे बैल हाकणाऱ्या म्हादूने मागून कमरेला मिठी घालून ओढला म्हणून वाचला. नाहीतर उकळत्या पाकात गेलाच होता!

सिदू जमिनीवर बसून त्या काहिलीकडे बघत राहिला. इतके दिवस तो मालकाला भीत होता. आज त्याला काहिलीचं भय वाटलं, आणि ते फार मोठं होतं.

तो तसाच उठून रंगरावांसमोर गेला. "मालक, एवढी कामं माझ्याच्यानं होत नाहीत. चरकाला दुसरा गडी बघा. काहील मी सांभाळीन, पण गुळव्याची ढेप मला मिळाली पाहिजे." या वेळी वाक्य पुरं झालं.

"रास्त आहे," रंगराव म्हणाले. "या आठवड्यापासून घेऊन जा. गडी उद्या येईल."

बस्स, एवढंच! ना आरडाओरडा, ना हाकलणं. सिदूला धीर आला. "आणि मागच्या सहा आठवड्यांच्या सहा ढेपा, मालक?"

आता रिवाज काय रंगरावांना ठाऊक नव्हता? पण कोणी न मागता आठवण ठेवील तो मालक कसला!

"मागच्या कसल्या?" ते म्हणाले. "तू चार वेळा माझ्याकडे आलास. चारही वेळा काम मागितलंस, ते मी दिलं. ढेप मागितलीस कधी?"

सिदू त्या सहा ढेपांवर पाणी सोडून काहिलीकडे वळला.

तात्पर्य: जादा काम अंगावर घेतानाच त्याचा मोबदला मोकळेपणाने मागावा, भीतीपोटी गप्प बसणाऱ्याच्या गळ्यात काम पडत राहतं, आणि बुडालेलं कोणी भरून देत नाही.